माळायचा मरवा, खायचा मरवा

भाद्रपद चतुर्थीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत पत्रीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायकांना मी दरवर्षी न चुकता विचारते, "मावशी, जुडीत मरवा हाय काय?" एकवीस पत्रींपैकी दूर्वा, शमी, आघाडा, माका, डोरली ही मंडळी सहज मिळतात. मरवा मात्र पावसाने काळवंडलेला, देठाशी कुजलेला किंवा मुळीच नसलेला असतो, आणि त्याच्या जागी कसलीतरी बारीक पानांची काडी खोचून जुडी पुरी केलेली असते. गेल्या वर्षी एका मावशींनी तशीच काडी माझ्या हातावर ठेवली आणि "पावसानं वास येईना झालाय, पण मरवाच हाय की हो," असे ठासून सांगितले. वास नाही तो मरवा नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. पण चतुर्थीच्या त्या गर्दीत हुज्जत कोण घालणार? माझ्या गच्चीवर सहा कुंड्या भरून मरवा आहे, ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. त्यातला थोडा देवाला आणि बराचसा पातेल्यात जातो, हे तर मुळीच सांगितले नाही.

निपाणीला माझे माहेर. तिथे मरवा म्हणजे गजरा, एवढेच समीकरण आम्हा मुलींना माहीत होते. अबोलीला रंग असतो पण वास नसतो, आणि मरव्याला वास असतो पण डोळ्यांत भरेल असा रंग नसतो, म्हणून आई दोन-दोन बोटांवर मरव्याची एकेक काडी देत अबोलीचे गजरे गुंफत असे. हळदीकुंकवाहून परतल्यावर तो गजरा उशाशी ठेवून झोपले, की सकाळी अबोली मलूल झालेली असे आणि मरवा मात्र वाळूनही दरवळत असे. वाळल्यावरही टिकणारा हा वास हेच या झाडाचे स्वयंपाकातले मोठे भांडवल आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

कळले ते असे. माझा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. सात वर्षांपूर्वी तो दिवाळीला घरी आला तेव्हा चॉकलेटे, साबण आणि एक कागदी पुडी घेऊन आला. पुडीवर 'मायोरान' असे लिहिले होते. "काकू, तिकडे बटाट्याच्या सूपमध्ये हे घालतात, तुला वेगवेगळे मसाले आवडतात म्हणून आणलं," असे म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली. मी पुडी फोडली आणि क्षणभर मला आपण स्वयंपाकघरात आहोत याचाच विसर पडला, कारण पुडीतून आईचा गजरा बाहेर आला होता. शेजारी भात निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर करून विचारले, "कुणी मरवा माळून आलंय काय गं?" त्यांनी पुडी पाहिलीही नव्हती.

ते झाड तेच होते. ज्याला आपण मरवा म्हणतो, संस्कृतात ज्याला मरुबक म्हटले आहे आणि आमच्या शेजारच्या कन्नड घरांत जे मरुग म्हणून ओळखले जाते, त्याला वनस्पतिशास्त्रात ओरिगॅनम मेजोराना असे नाव आहे, आणि ते लिनियसने १७५३ मध्ये दिले. तुळस, पुदिना आणि सब्जा यांच्याच कुळातले हे झाड मूळचे सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तानच्या बाजूचे आहे. ग्रीक आणि रोमन लोकांत नवरा-नवरीच्या डोक्यावर मरव्याचे मुकुट घालण्याची चाल होती, असे वाचल्यावर मला आमच्या गजऱ्याची आठवण होऊन बरे वाटले. पण तिथल्या लोकांनी ते डोक्यावर घालता घालता खायलाही सुरुवात केली आणि आपण केसांतच थांबलो. जर्मन भाषेत मरव्याचे एक जुने नाव 'सॉसेजची भाजी' अशा अर्थाचे आहे, आणि न्यूरेंबर्गच्या बोटाएवढ्या सॉसेजचा ओळखीचा वास मरव्याचाच असतो. तिकडे आशर्सलेबेन या गावाभोवती त्याची शेतीही होते. तरी जगाच्या बाजारात येणारा वाळलेला मरवा मोठ्या प्रमाणात इजिप्तमधून येतो. आपल्याकडे तो फुलवालीच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली असतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

मरवा लावायचा म्हटल्यावर पहिला घोळ नावाचा झाला. एका रोपवाटिकेतून मी मोठ्या हौसेने 'मरवा' म्हणून रोप आणले. महिन्याभरात त्याला कोथिंबिरीहूनही बारीक चिरलेली, राखाडी झाक असलेली पाने फुटली आणि तो दवणा निघाला. दोघेही गजऱ्यात असतात, दोघांचीही नावे जोडीने घेतली जातात, त्यामुळे विकणाऱ्याचाही गोंधळ होत असावा. पण त्यांचे कुळसुद्धा एक नाही. दवणा सूर्यफुलाच्या कुळातला, चवीला कडसर, आणि त्याचे खरे स्थान देवापाशी. चैत्री पौर्णिमेला जोतिबाला वाहायचा तो दवणा आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची 'दवनद हुण्णिमे' ज्याच्या नावाने ओळखली जाते तोही दवणाच. मरव्याचे पान अखंड, लंबगोल, करंगळीच्या नखाएवढे, मऊ लव असलेले आणि करड्या हिरव्या रंगाचे असते, आणि फुलांच्या आधी फांद्यांच्या टोकांना हिरव्या मण्यांसारख्या गाठी येतात. पान दिसायला दातेरी किंवा चिरलेले असेल तर मरवा समजून घेऊ नये.

दुसरा घोळ पिझ्झ्याच्या पाकिटांमुळे होतो. मुलांनी खणात साठवलेल्या त्या लाल-हिरव्या पुड्यांतला ओरेगॅनो हा मरव्याचा सख्खा भाऊ आहे हे खरे. दोघांची प्रजाती वेगळी पण वंश एकच. मात्र भावाभावांत स्वभावाचे अंतर असावे तितके या दोघांत आहे. ओरेगॅनोमध्ये कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही झणझणीत द्रव्ये असतात, आणि थायमॉल हेच आपल्या ओव्याचेही मुख्य द्रव्य असल्यामुळे ओरेगॅनोचा वास आपल्याला ओव्याच्या वळणाचा वाटतो. मरव्यात तो झणझणीतपणा नाही. त्याचा वास गोडसर, जरा फुलासारखा, जरा ओल्या लाकडासारखा असतो. त्यामुळे पाककृतीत एकाच्या जागी दुसरा घालणे म्हणजे बडीशेपेच्या जागी ओवा घालण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

माझा पहिला खरा मरवा बाजारच्या गजऱ्याच्या जुडीतूनच आला. जुडीतल्या सहा ताज्या, फूल न आलेल्या काड्या निवडून, खालची पाने काढून त्या मी पाण्याच्या पेल्यात ठेवल्या; तीन आठवड्यांत दोहोंना पांढरी मुळे फुटली. बियांपासूनही रोपे होतात, पण बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजारो बिया मावतात. ते वाळूत कालवून मातीवर नुसते भुरभुरायचे असते, पुरायचे नसते, आणि मुंग्या, पाऊस व आपला धांदरटपणा यांतून वाचले तर उगवते. मी काडीचीच बाजू घेईन. कार्तिक-मार्गशीर्षात, पाऊस संपून हवा कोरडी झाली की बोटभर लांबीच्या काड्या थेट ओलसर वाळूत खोचल्या तरी तीन-चार आठवड्यांत धरतात.

ते पहिले रोप उन्हाळाभर सुरेख वाढले. मग मृगाचा पाऊस आला, चार दिवस थांबलाच नाही, आणि गच्चीच्या पन्हळीखाली राहिलेली कुंडी मी पाचव्या दिवशी उचलली तेव्हा पाने खालून वर काळी पडत गेलेली होती. हे झाड समुद्रकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांचे. त्याच्या मुळांना पाणी वाहून जायला हवे असते, साचायला नको असते. युरोपाच्या थंड भागांत ते बर्फाने मरते म्हणून दरवर्षी नव्याने पेरतात. बेळगावात बर्फ पडत नाही, त्यामुळे ते दोन-तीन वर्षे आनंदाने जगू शकते, पण जून ते सप्टेंबरचा आमचा पाऊस त्याच्यासाठी बर्फाहून वाईट आहे. गणपतीच्या जुडीत मरवा का मिळत नाही याचेही उत्तर इथेच आहे, कारण देवाला तो नेमका त्या महिन्यात लागतो जेव्हा उघड्यावरचा मरवा जगण्याची धडपड करत असतो.

दुसरे रोप पावसाने नव्हे, प्रेमाने मेले. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यालाही तांब्याभर घालत, आणि मी अडवले की म्हणत, "तुळशीला घाटलं तर ह्याला नको व्हय? दोघं एका घरचीच न्हवं?" कुळ एक आहे हे मीच त्यांना सांगितले होते, त्यामुळे मला बोलायला जागा उरली नव्हती. भरीला तांदळाचे धुवण आणि शेणखत यांचाही खुराक होता. रोप तरारले, पाने मोठी आणि हिरवीगार झाली, पण चुरडून पाहिली तर वास निम्म्यावर आलेला. मरव्याला खाऊ घातले की तो अंगाने वाढतो आणि वासाने घटतो. नंतर मुळे कुजली आणि एका आठवड्यात सगळा खेळ आटोपला.

आता जी पद्धत बसली आहे ती अशी. आमच्या भागात जांभ्याची तांबडी माती असते, ती आम्लधर्मी असते आणि मरव्याला ती तितकीशी मानवत नाही. म्हणून दोन वाटे माती, एक वाटा धुतलेली जाड वाळू आणि एक वाटा चांगले मुरलेले शेणखत घेऊन त्यात चिमूटभर विरलेला चुना मिसळते. कुंडी भाजलेल्या मातीची, आठ-दहा इंचांची, आणि खाली दोन विटा, म्हणजे भोक मोकळे राहते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी घालते. सकाळचे ऊन भरपूर, चैत्र-वैशाखात दुपारची थोडी सावली, आणि ज्येष्ठ लागला की सगळ्या कुंड्या पूर्वेकडच्या पत्र्याखाली. आषाढात ऊन नसल्यामुळे त्या लांबट, फिकट दिसतात, पण जगतात आणि भाद्रपदाची गरज भागवतात. तीन वर्षांनी खोड लाकडासारखे होते आणि खालून बोडके दिसू लागते. तेव्हा त्याच झाडाच्या काड्या लावून मोकळे व्हावे.

मात्र सगळ्यांत महत्त्वाचे काम म्हणजे शेंडे खुडणे. मरव्याला मोकळे सोडले की त्या हिरव्या गाठी येतात, त्यांतून पांढरी बारीक फुले डोकावतात, आणि झाड आपले काम संपले असे समजून पानांकडे लक्ष देत नाही. गाठी दिसू लागताच, दव वाळल्यावर सकाळी वरचा तिसरा हिस्सा खुडला, तर प्रत्येक खुडलेल्या टोकाखाली दोन फाटे फुटतात आणि वासही त्याच वेळी सर्वांत भरलेला असतो. फार खुडला म्हणून मरवा मेल्याचे मी पाहिलेले नाही. हात आखडता घेतल्यामुळे मात्र दोन रोपे काडीपैलवान झालेली आहेत.

स्वयंपाकात मी पहिल्यांदा मरवा घातला तो तुरीच्या आमटीत, कढीपत्त्यासारखा, फोडणीतच. सासूबाई पाटावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "माळायचं ते खातंय व्हय कोण?" आमटी उकळून तयार झाली तेव्हा मरव्याचा वास नाहीसा झाला होता आणि मागे एक कडसर, औषधी चव राहिली होती. त्यांनी पहिला घास घेऊन ताट थोडे पुढे सरकवले, एवढ्यात सगळे आले. पुढे त्याचे कारण वाचनात आले. ताज्या पानाचा जो गोड वास आपल्याला ओळखीचा आहे तो मुख्यतः साबिनिन हायड्रेट नावाच्या द्रव्याचा असतो, आणि पाणी व उष्णता यांचा सहवास लांबला की त्याचे रूपांतर होऊन टर्पिनीन-४-ऑलसारखी द्रव्ये वाढतात, ज्याचा वास चेहऱ्याला लावायच्या 'टी ट्री' तेलाला येतो. बाटलीतल्या मरव्याच्या अर्काला गजऱ्याचा वास का येत नाही, हेही त्यामुळेच. तेव्हापासून माझ्या घरात मरवा आच बंद केल्यावरच पातेल्यात पडतो. सगळा साजशृंगार झाल्यावर बाहेर पडता पडता गजरा माळतात, तीच त्याची वेळ.

दुसरी फसगत भाताची. बेळगावी बासमती हा आमचा लहान दाण्याचा, घमघमणारा तांदूळ. त्यावर तूप आणि मरवा घातला तर स्वर्गच, अशा समजुतीने मी एका रविवारी पाहुण्यांना तो भात वाढला. दोन्ही सुवास एकमेकांना इतके आडवे गेले की ताटात ना तांदूळ कळत होता ना मरवा. एकाच देव्हाऱ्यात केवड्याची आणि मोगऱ्याची उदबत्ती एकदम लावल्यासारखे झाले. ज्या पदार्थाला स्वतःचा मोठा वास आहे तिथे मरव्याने जाऊ नये. हिंगापाशीही तो हरतो, आणि निपाणी-कोल्हापूरकडे जिला आम्ही नुसतेच 'चटणी' म्हणतो त्या कांदा-लसणाच्या तिखटापुढे तर त्याचा आवाजच निघत नाही. त्याला सौम्य, पिठूळ किंवा स्निग्ध सोबत लागते, जशी बटाटा, रताळे, पावटे, अंडी, लोणी आणि दही यांची.

म्हणून जर्मनीच्या त्या सूपकडे मी पुन्हा वळले. अर्धा किलो बटाटे, एक गाजर आणि एक मोठा कांदा चिरून तुपावर परतायचा, चार पाकळ्या लसूण ठेचून घालायचा, लिटरभर पाणी ओतून बटाटे मऊ होईपर्यंत शिजवायचे आणि त्यातले निम्मे डावाने तिथेच घोटायचे, म्हणजे रसाला आपोआप दाटपणा येतो. मीठ आणि भरडलेले मिरे घालून आच बंद करायची, मग दोन-तीन चमचे ताजी पाने किंवा चमचाभर वाळलेली पाने घालून झाकण ठेवायचे आणि पाच मिनिटे त्याच्याकडे बघायचे नाही. लसूण हा माझा अधिकार, आणि वरून शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा तुपात तळलेला चुरा हाही माझाच. तिकडे पावाचे तुकडे किंवा सॉसेज घालतात. श्रावणातल्या झडीच्या संध्याकाळी हे पातळ घरात सगळ्यांना चालते. पुतण्याला फोटो पाठवला तेव्हा त्याने भाकरीबद्दल काहीच टिप्पणी केली नाही, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

दुसरा पदार्थ मात्र मला पलीकडच्या घराने दिला. आमच्या भिंतीला भिंत लागून एक कन्नड कुटुंब राहते. त्यांचे मूळ गाव शिरसीकडचे. तिथल्या अक्कांनी एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्या कुंड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "वैनी, हे मरुग की हो. एवढं हाय तर तंबळी करा की." त्यांच्याकडे दोड्डपत्रे, म्हणजे आपला पानओवा, ब्राह्मी, अशा कोणत्याही पानाची तंबळी होते, मरव्याची त्यांनीही कधी केली नव्हती, पण पान दिसले की ताकात कसे उतरवायचे हा विचार त्यांच्या हाताला सवयीने येतो. आम्ही दोघींनी मिळून केली. चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरे आणि चार मिरे तडतडवले, आच बंद करून त्याच गरम तुपात दोन चमचे मरव्याची पाने नुसती मऊ होईपर्यंत फिरवली, अर्धी वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखी वाटली आणि दोन वाट्या गोडसर ताकात कालवली. वरून मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी, हिंग नाही. तंबळी उकळत नाहीत, आणि मरव्याला तरी दुसरे काय हवे असते? उन्हाळ्यात दुपारी गार भाताबरोबर ती इतकी छान लागते की आता चैत्रापासून आठवड्याला एकदा होते. अक्का त्यांच्या वाटणात पाने वाढवतात, मी खोबरे वाढवते, आणि वाटी भिंतीवरून इकडून तिकडे जाते.

रताळ्यांबद्दल लिहिल्याशिवाय बेळगावच्या माणसाला थांबता येणार नाही. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या तांबड्या मातीत रताळी होतात आणि काढणीच्या दिवसांत बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. निखाऱ्यावर भाजलेले रताळे मधोमध फोडून त्यात लोणी, मीठ, ठेचलेली हिरवी मिरची आणि चुरलेला मरवा घातला, की रताळ्याच्या गोडीला एक वेगळीच धार येते. एका एकादशीला हे ताटात आल्यावर उपासाला मरवा चालतो की नाही असा वाद घरात निघाला. गणपतीच्या डोक्यावर चालतो तो माझ्या रताळ्यावर का चालू नये, असा युक्तिवाद मी केला, आणि त्यावर कोणाला शास्त्राधार सापडला नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. हिवाळ्यातल्या ओल्या पावट्यांची हिरवी मिरची आणि लसूण एवढ्यावरच केलेली उसळ, उतरवताना मरवा. ऑम्लेटवर घडी घालण्याच्या क्षणी मरवा. लोण्यात कालवून ठेवलेला मरवा गरम भाकरीवर. पोह्यांवर कोथिंबिरीऐवजी घालून पाहिला, तो घालू नये.

फुलवालीकडून आणलेला मरवा मात्र थेट खाण्यात वापरू नये, असे मी आवर्जून सांगेन. तो माळण्यासाठी पिकवलेला असतो, फुलांच्या मळ्यात फवारण्या होतात, आणि खाण्यासाठी तो कोणी विकत घेईल असा विचार पिकवणाऱ्याच्या मनात कधी आलेला नसतो. त्या जुडीतल्या काड्या रुजवाव्यात, जुनी पाने झडून नवी फूट आल्यावर खुडावी, आणि तेव्हाच पातेल्याकडे न्यावे.

माघ-फाल्गुनात झाड भरात असते तेव्हा मी वर्षाची बेगमी करते. जुड्या बांधून स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत सावलीत उलट्या टांगायच्या, आठवड्याने पाने कुरकुरीत झाली की काड्यांवरून निपटून काचेच्या बाटलीत भरायची, चुरा मात्र वापरायच्या वेळीच करायचा. उन्हात वाळवला तर रंगही जातो आणि वासही. कोथिंबीर वाळवून हाती गवत उरते; मरवा तिच्यासारखा नव्हे. वाळलेला एक चमचा ताज्या तीन चमच्यांचे काम करतो.

सासरे गेले त्याला आता अकरा वर्षे झाली. तेव्हापासून सासूबाईंनी गजरा माळलेला नाही. आम्ही कोणी त्यांना तसे सुचवले नव्हते, पण त्यांच्या पिढीत ते सुचवावे लागत नाही, आणि आम्ही 'माळा' म्हटलेलेही त्यांनी कानाआड केले. मरवा खाण्याबद्दलचे त्यांचे मत आजही बदललेले नाही. सूपमधली पाने त्या चमच्याने बाजूला काढतात, तंबळी 'पोटाला गार पडते' म्हणून पितात, रताळ्यावरचा मरवा झटकून टाकतात. मात्र सकाळी मी गच्चीवर जाते तेव्हा कुंड्यांतले सर्वांत कोवळे शेंडे आधीच खुडलेले असतात. देवाला वाहिले असतील म्हणून देव्हाऱ्यात पाहावे तर तिथे एखादीच काडी असते. दर पंधरवड्याला मी त्यांच्या उशीचा अभ्रा धुवायला काढते, तेव्हा शिवणीच्या कोपऱ्यातून मूठभर वाळलेला मरवा फरशीवर सांडतो. मी तो गोळा करते, नवा अभ्रा घालते आणि परत आत सरकवून ठेवते. कुंड्यांत तोवर खुडलेल्या प्रत्येक टोकाखाली दोन फाटे आलेले असतात.